शेटेकाका आणि सोळा चौरस फूट

शेटेकाकांनी माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा नमस्कार-चमत्कार काही न करता खिशातून स्टीलचा टेप काढला. सासूबाई जमिनीवर मांडी घालून शेंगा सोलत बसल्या होत्या. काकांनी वाकून त्यांची बसल्या बसल्या उंची मोजली, जमिनीपासून थेट अंबाड्यापर्यंत. "दोन फूट आठ," असं स्वतःशीच म्हणाले आणि समाधानाने मान डोलावली.

सासूबाई सदाशिव पेठेतल्या. त्यांना कुणी मोजलेलं आवडत नाही. "का हो, खुर्ची करून देणार आहात का?" त्यांनी विचारलं.

"छे छे, खुर्ची नाही," काका अदबीने म्हणाले. "खड्डा."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजले. सासूबाई तेव्हा ऐंशीला टेकलेल्या. या वयाच्या बाईसमोर आपण 'संपलं' हा शब्दसुद्धा जपून वापरतो, डब्यातला चहा संपला तरी 'आणायला झालाय' म्हणतो. सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली, चष्म्याच्या वरून काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्यात जाळतात."

"हो ना. त्याला इलाज नाही," काका मनापासून हळहळले. "पण आकडा असावा आपल्याकडे."

मी तेव्हा कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. म्हणजे दिवसभर बँकेच्या काउंटरवर लोकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी घरी येऊन पाण्याच्या टाकीवरून तीच परत खायची. तळमजल्यावरचा फ्लॅट कुणा मल्लिकार्जुन शेट्यांनी घेतलाय, एकटेच आहेत, मुलगी हुबळीला दिली आहे, एवढीच मला माहिती होती. ते सोसायटीचे कागद द्यायला म्हणून वर आले आणि जाताना सासूबाईंचं माप घेऊन गेले. त्यांची पाठ वळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माणूस वेडा आहे. टेप मात्र चांगला आहे." आमच्या घरात याहून मोठं कौतुक कुणाच्या वाट्याला येत नाही.

काका मूळचे सोलापूरचे, लिंगायत. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केली, आणि तीही पॅकिंग विभागात. परदेशी जाणारी यंत्रं लाकडी पेटीत कशी बसवायची याचे नकाशे काढायचे, हे त्यांचं काम. पेटीत रिकामी जागा दिसली की त्यांच्या पोटात दुखायचं. "आपण हवा पाठवायलोय ओ जर्मनीला! लाकडी पेटीत घालून, वरून शिक्का मारून, हवा!" पुढे देशाचे दरवाजे उघडले, कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि पेटीतली हवा कॉम्प्युटर मोजायला लागला. काकांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद, एक शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ ठेवलं गेलं. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते सांगायचे. येताना त्यांनी भंगारात निघालेला आपला ड्रॉइंग बोर्ड तेवढा सोडवून आणला. तो त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या जागी असायचा. सोफा नव्हताच.

आणि त्या बोर्डावर कायम एक स्मशानभूमी असायची.

लिंगायतांमध्ये माणसाला पुरतात, आणि तेही आडवं नाही, मांडी घालून बसवून. काकांना याचा एवढा अभिमान की जणू ही पद्धत त्यांच्याच विभागाने काढली होती. "बाकीचं जग झोपून जातं, आम्ही बसून जातो. तुम्हीच सांगा सेक्रेटरीबाई, जागा कुणाला कमी लागणार? आडव्या माणसाला साडेसहा बाय अडीच. आम्हाला चार बाय चार. मोजलंय का ओ कधी?"

'मोजलंय का ओ?' हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. राजकारण असो, भाजी असो, कुणाचं लग्न मोडलेलं असो, काका शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, मोजलंय का ओ? पण मीही काउंटरवर पंधरा वर्षं काढलेली बाई. मी तिथल्या तिथे गुणाकार केला. "काका, आडव्याचे सव्वासोळा चौरस फूट झाले. तुमचे सोळा. म्हणजे पाव फूट वाचला."

काकांचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. "पाव फूट! एकराला किती झाले बघा की! आणि चार बाय चार हे खोदणाऱ्याला कोपर हलवायला लागतं म्हणून. मरणारा सव्वातीनातसुद्धा आरामात बसतो. तक्रार खोदणाऱ्याची असते, बसणाऱ्याची नाही."

या विद्येचा त्यांनी एकदा आमच्या सोसायटीवर प्रयोग केला. पार्किंगला जागा पुरत नव्हती, रोजची भांडणं. काकांनी दोन दिवस मोजमाप केलं, पांढऱ्या ऑइलपेंटने तिरक्या रेघा मारल्या आणि पंचवीस स्कूटरींच्या जागेत अडतीस बसवून दाखवल्या. संध्याकाळी सगळी सोसायटी खाली उतरून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या माणसाला ऑफिसला निघायचं होतं. त्याची स्कूटर निघायला आधी सात स्कूटरी काढाव्या लागत होत्या, आणि त्या सातांपैकी तीन मालक अंघोळीला गेलेले. नऊ वाजेपर्यंत खाली असा काही गोंधळ माजला की दूधवाला बाटल्या गेटावरच ठेवून पळाला. मी काकांना जाब विचारला, तर ते निरागसपणे म्हणाले, "बसवायचं सांगितलं होतं. काढायचं कुणी बोललं नव्हतं. पॅकिंगवाल्याने पेटी भरायची असते. उघडणारा जर्मनीत."

तरीही त्यांच्या नकाशांना मोल द्यावंच लागेल. रेघ अशी काढायचे की पुसावीशी वाटू नये. शाई वाळवायला ते नकाशे गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून टांगायचे, बनियन आणि पंचाच्या मधोमध. एकदा आमच्याकडे भाड्याचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यांची नजर त्या नकाशावर गेली. आखीव चौकोन, मधून रस्ता, कडेने झाडं. तो तरुण खुलला. "काका, हे प्लॉटिंग कुठे आहे? लोकेशन मस्त वाटतंय. लेआउट एकदम क्लीन आहे."

"आवडलं?" काकांना आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं.

"खूप! आणि एवढी ग्रीनरी! पझेशन कधी?"

"ते तुमच्यावर आहे," काका म्हणाले. मग त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून आपुलकीने म्हणाले, "घाई करू नका."

जोडप्याने फ्लॅट घेतला नाही. त्या फ्लॅटचा मालक माझ्याशी महिनाभर बोलला नाही.

कुणाकडे मयत झाली की काका समाचाराला जायचे, धर्म-जात न बघता. आणि तिथेही गप्प बसायचे नाहीत. कारखान्यातले त्यांचे जुने फोरमन मुसलमान होते, त्यांच्या दफनाला गेले आणि परत येऊन मला अर्धा तास सांगत बसले, की कच्च्या मातीची कबर कशी असावी ते बघायचं तर तिथं जावं, वर बांधकाम नाही, काही नाही, पावसाने सपाट, पुन्हा जागा मोकळी. "पॅकिंगमध्ये हवाच नाही ओ!" एका ख्रिस्ती शेजाऱ्याच्या आजीच्या वेळी तर त्यांनी फादरना बाजूला घेऊन सांगितलं, की एकाच कुटुंबाचे खड्डे मुळात खोल घेतले तर एकावर एक तीन माणसं सहज मावतात. फादर हसून म्हणाले, आम्ही ते फार वर्षांपासून करतोय. काका चार दिवस खूश होते. कुणीतरी आपल्या विभागातला माणूस भेटला, म्हणाले.

हे सगळं वेड कशापायी, तर त्यांच्या समाजाच्या स्मशानभूमीपायी. ती पूर्वी गावाबाहेर होती. आता गाव तिच्या चारी बाजूंनी पुढे निघून गेलं होतं. जागा वाढायची शक्यता नाही, आणि आत पाय ठेवायला वाव नाही. कारण बसलेल्या माणसाला लागतात सोळा फूट, पण वर समाधी बांधायची हौस जिवंत माणसांना. कुणी चौथरा बांधला, कुणी त्याला फरशी लावली, त्याच्या चुलत भावाने चिडून संगमरवर लावला. ज्यांच्या समाध्या आधीपासून तिथे होत्या त्यांची सोय झाली. नोकरीसाठी लातूर, सोलापूर, उदगीरकडून पुण्यात आलेल्यांनी काय करायचं, याला उत्तर नव्हतं.

काकांची योजना साधी होती. पक्कं बांधकाम बंद. सिमेंट नाही, फरशी नाही. वर माती आणि एक बेलाचं रोप. नावं सगळी कुंपणाच्या भिंतीवर, ओळीने. जुने चौथरे काढून टाकायचे, मधल्या जागा मोकळ्या करायच्या, आणि पुरेशी वर्षं लोटली की तीच जागा पुन्हा वापरायची. नकाशावर प्रत्येक बेलाच्या मुळांचा घेरसुद्धा त्यांनी ठिपक्यांनी दाखवला होता.

एका रविवारी ते मला ती जागा दाखवायला घेऊन गेले. म्हणजे माझ्याच स्कूटरवर, मागे टेप घेऊन बसून. आत शिरल्यावर मला टेपचं एक टोक धरायला लावून त्यांनी एकूण एक समाधी मोजली. शेजारच्या इमारतीच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या, त्या आमच्याकडे बघून आत गेल्या आणि सगळ्या घराला बाहेर घेऊन आल्या. मी आजवर स्मशानात पाऊल टाकलं नव्हतं आणि आता मी तिथे वही-पेन घेऊन आकडे लिहून घेत होते. गेटाजवळ एक समाधी सगळ्यांत भव्य होती. काळा ग्रॅनाइट, तिन्ही बाजूंनी पायऱ्या, वर छोटा घुमट, घुमटात चक्क विजेचा दिवा. वर बेलाचा एवढा ढीग की नाव दिसत नव्हतं. "काका, ही राहिली," मी टेप घेऊन पुढे झाले. "या एकटीने केवढी जागा अडवलीय बघा. कुणी श्रीमंत असणार."

"ती असू द्या," काका म्हणाले. "पुढे चला."

मी फार लक्ष दिलं नाही. ऊन लागत होतं.

पंधरवड्याने समाजाची सभा झाली. काकांनी मला आग्रहाने नेलं, कारण इतिवृत्त चांगलं लिहिते म्हणून माझी ख्याती होती. अध्यक्ष कोरेअण्णा, लक्ष्मी रोडला कापडाचं दुकान, बोलणं गोड आणि कात्री धारदार. काकांनी भिंतीवर नकाशा लावला, पट्टीने दाखवत समजावलं. सुरुवातीला बरं चाललं होतं. मग एक गृहस्थ उठले. "म्हणजे आमच्या वडिलांच्यावर दुसऱ्या कुणाला बसवणार?"

"वडिलांच्यावर नाही ओ," काका म्हणाले, "वडिलांच्यानंतर. आपण बसमध्ये नाही का बसत?"

सभा हसली. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात कोरेअण्णांनी घसा साफ केला.

"शेटे, नकाशा झकास. एकच विचारायचं होतं. गेटाजवळची ती ग्रॅनाइटची समाधी आहे. पायऱ्या धरून दहा बाय दहा. तुमच्या मापाने तिथे किती माणसं बसतील?"

काकांची पट्टी नकाशावरून खाली आली.

"शंभराला सोळाने भागलं की सहा बसतील," अण्णा म्हणाले. "आत्ता एकच बाई आहेत. तुमच्या मंडळी. तुम्ही आधी तुमचं काढा. मग आम्हाला सांगायला या."

माझ्या हातात पेन तसंच राहिलं. काका उठले, भिंतीवरचा नकाशा काढला आणि त्याची चौघडी घातली. नकाशाला कधी घडी घालायची नाही, गुंडाळायचा, हे त्यांनी मला दहा वेळा ऐकवलेलं. ते घडी घालून खिशात कोंबून बाहेर गेले. मी इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं.

मला राग आला होता. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला होता. जगाच्या सासवा मोजत फिरायचं, फादरना शहाणपण शिकवायचं, आणि स्वतःच्या घरच्या समाधीला घुमट! वर दिवा! आठ दिवस मी जिन्यातून जाताना त्यांच्या दाराकडे बघितलं नाही. नवव्या दिवशी मात्र राहवेना, सरळ आत गेले. बोर्ड रिकामा होता. काका खिडकीशी बसले होते.

"काका, हे काय केलंत हो तुम्ही?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, कारण बसायला काही नव्हतं. ते खिडकीकडे बघतच बोलू लागले.

"सत्तावीस वर्षं आम्ही कसब्यात राहिलो. दहा बाय बाराची खोली. मी पॅकिंगवाला माणूस, मला गंमत वाटायची. भिंतीला फळ्या, फळ्यांना कप्पे, कप्प्यांत कप्पे. पलंग उचलला की टेबल व्हायचं. पाहुणे यायचे, तोंडात बोट घालायचे. महानंदा हसायची त्यांच्याबरोबर. एकदाच बोलली. पोळ्या लाटताना कोपर कप्प्याला आपटलं तिचं. म्हणाली, 'अहो, नुसते हात पसरता येतील एवढी जागा द्या की मला.' रागावून नाही म्हणाली. सहज म्हणाली."

मी खाली फरशीवरच बसले.

"मग हा फ्लॅट घेतला. तिने बांधकामावर येऊन बघितला. याच हॉलमध्ये, भिंती नुसत्या विटांच्या होत्या, मधोमध उभी राहून हात पसरले आणि गोल फिरली. म्हणाली, इथे काही ठेवायचं नाही. ताबा मिळायच्या चार महिने आधी गेली." काकांनी हॉलकडे हात केला. सोफा का नव्हता ते मला आत्ता कळलं. "म्हणून तिला तिथे जागा दिली. मिस्त्री म्हणायचा, साहेब पुरे. मी म्हणायचो, अजून वाढव. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न मोजता बांधलं. दर सोमवारी बेल घेऊन जातो आणि पायरीवर बसतो."

"मग हे नकाशे कशाला काढता?"

"समाधी पुरी झाली, त्यानंतर महिन्याभरात एका माणसाला जागा नाही म्हणून गेटावरून परत पाठवलं. मी तिथेच होतो, आमच्या पायरीवर. तो माणूस माझ्या पायऱ्यांकडे बघत होता." त्यांनी रिकाम्या बोर्डाकडे पाहिलं. "तेव्हापासून काढतोय. तिची सोडून बाकीच्यांतून निघते का जागा, ते बघतोय. निघत नाही ओ पुरेशी. किती वेळा मोजलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी काही आलंही नाही. वर जाऊन चहा करून आणला, तेवढं सुचलं.

पुढे महिना-दीड महिना गेला. एका रविवारी सकाळी कोरेअण्णा स्वतः काकांच्या दारात आले. बरोबर तिशीतला एक माणूस, जीन्स, पायांत चपला, डोळे सुजलेले. राजशेखर त्याचं नाव, कॉम्प्युटरमध्ये होता, धायरीला राहायचा. पहाटे त्याची आई गेली होती. मूळचे उदगीरचे. गावाकडे आपल्याच शेतात पुरायची पद्धत, पण धायरीचा फ्लॅट घेताना शेत विकलेलं. तिकडे नेऊन ठेवणार कुठे? घरी आईला आंघोळ घालून, विभूती लावून, खुर्चीत बसवून ठेवलं होतं. आणि इथे जागा नव्हती.

"शेटे," अण्णांचा आवाज त्या दिवशी निराळाच होता. "मी टोमणा मारायला आलेलो नाही. तुमच्या नकाशात कुठे बसतंय का, तेवढं बघा."

काकांनी कपाटातून तो चौघडी पडलेला नकाशा काढला, बोर्डावर पसरला आणि तळव्याने घड्या सपाट केल्या. त्यांचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. दोन चौथऱ्यांच्या मधे दोन फूट, इथे अडीच, इथे झाडाचं मूळ. बोट फिरत फिरत गेटाजवळ आलं आणि थांबलं. आम्ही सगळे ते बघत होतो. अण्णाच आधी बोलले, "नाही नाही शेटे. ते नाही म्हणत मी."

"काका, इट्स ओके," राजशेखर घाईघाईने म्हणाला. "आम्ही इलेक्ट्रिकला जातो. नो इश्यूज. फक्त आईचं एवढंच होतं की मला जाळू नका. भाजतं म्हणायची." आणि एवढा मोठा माणूस तोंडावर हात धरून रडायला लागला.

काकांनी गेटाजवळचं बोट उचललं आणि नकाशा मिटला.

"बसल्यावर किती भरतील आई?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. कधी मोजलं नाही." त्याने आपल्या कमरेच्या जरा खाली हात धरला. "एवढी. मी ऑफिसमधून आलो की दारात चटईवर बसलेली असायची. एवढी दिसायची."

"दोन फूट सात," काका म्हणाले. "सेक्रेटरीबाई, स्कूटर काढा."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अण्णांनी दोन गवंडी बोलावले होते. त्यांनी ग्रॅनाइट बघितला, एकमेकांकडे बघितलं आणि घण खाली ठेवले. एवढं चांगलं काम तोडायचं त्यांच्या जिवावर आलं. काकांनी शेवटी स्वतःच पहार घेतली आणि पायरीच्या सांध्यात घातली. पहिली पायरी निघाली तेव्हा मी तोंड फिरवलं. नंतर गवंड्यांनी काम हातात घेतलं. डाव्या बाजूच्या पायऱ्या गेल्या, चौथऱ्याची एक बाजू गेली, खाली ओली काळी माती लागली. गवंड्याने घुमटाकडे बोट केलं. "हा पण काढायचा का?"

"आज नको," काका म्हणाले. "पुढच्याला जागा लागेल तेव्हा काढू."

दीड-दोन तासांत खड्डा झाला. काकांनी उतरून कोपरे बघितले, वर आले, घाम पुसला. विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या पालखीत, बसवून आईंना घेऊन येणारी माणसं गेटाशी पोचली होती. तेवढ्यात काका पुन्हा खाली वाकले. त्या तुटक्या चौथऱ्याच्या उघड्या मातीवर त्यांनी हात ठेवला. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"महानंदा, जरा सरकून घे गं. पाहुण्या आल्यात. उदगीरच्या आहेत. त्यांना इथलं कुणी ओळखीचं नाही."

मग ते बाजूला झाले. स्वामींनी मंत्र म्हटले, आईंना खाली बसवलं, सगळ्यांनी बेल आणि विभूती वाहिली, मूठ मूठ माती टाकली. मीही टाकली. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. राजशेखर काकांच्या पाया पडला. काकांनी त्याला उठवलं आणि विचारलं, "बेलाचं रोप आणाल ना?" तो म्हणाला, दोन आणतो.

परतताना काका मागे बसले होते. पुलावर आल्यावर माझ्या पाठीमागून त्यांचा आवाज आला.

"तिला विचारलं नाही ओ मी. आजही."

"काका," मी म्हटलं, "विचारलं असतंत तर नाही म्हणाल्या असत्या का त्या?"

मी स्कूटरचा वेग कमी केला.

"नसती म्हणाली," काका म्हणाले. "जन्मात मला कधी नाही म्हणाली नाही ती. तेच तर ओ. तेच तर..." आणि त्यांचं कपाळ माझ्या खांद्याला टेकलं.

मी स्कूटर पुलाच्या कडेला घेतली आणि बंद केली. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या. म्हटलं, मारू देत.